नळतोड काढा

६ जानेवारी, सोमवार

आजपासून मी कॅन्सरविरुद्ध युद्ध पुकारलं आहे. नयनाला अजून सांगितलेलं नाही. तिने सकाळीच गच्चीवरची टाकी धुवायला सांगितली आहे आणि एका दिवसात दोन मोठी कामं माझ्याच्याने होत नाहीत.

झालं असं, की काल मोबाईलवर एक लेख आला. इंग्रजी होता, पण मोबाईल त्याचं मराठी करून देतो, मोडकंतोडकं का होईना. पोटात कॅन्सरची गाठ धरते तेव्हा म्हणे ती मोहरीएवढी असते आणि निमूट पडून राहते. पुढे वाढायचं तर तिला रक्त हवं. मग ती शेजारच्या रक्तवाहिनीतून स्वतःसाठी नवीन बारीक नळ्या काढून घेते. आणि हळद, हिरवा चहा, सोयाबीन, द्राक्षाची साल यांच्यात अशी द्रव्यं आहेत की ती या नळ्या फुटूच देत नाहीत. रक्त बंद, गाठ बंद.

मी खुर्चीतून उठलोच. अहो, हे तर माझंच खातं! बत्तीस वर्षं डहाणूच्या पाणीपुरवठ्यात मी दुसरं केलं काय? मेन लाईनला गुपचूप भोक पाडून नळ घेणारे हुडकले आणि त्यांचे नळ तोडले. तोंडावर माणसं साहेब म्हणायची आणि पाठ वळली की नळतोड्या. आता रिटायर होऊन अडीच वर्षं झाली, तरी बाजारात कोणी कोणी मला बघून अजून दचकतं. मला त्यात सुख आहे.

दादा, म्हणजे माझा मोठा भाऊ शैलेश, पोटाच्या कॅन्सरनेच गेला. एकसष्टाव्या वर्षी. मला गेल्या मे महिन्यात एकसष्टावं लागलं. त्याचा या लेखाशी काही संबंध नाही, सहज लिहिलं.

८ जानेवारी, बुधवार

काढा तयार! हळद, हिरवा चहा, शेवग्याचा पाला, आवळा, आलं आणि काळ्या द्राक्षांची सालं. सालं काढायला दीड तास गेला. उरलेली सोललेली द्राक्षं वाटीत बघून नयना म्हणाली, "ही काय अवस्था केलीत त्यांची?"

नविनभाईच्या दुकानातून एकदम दोन किलो हळद आणली. तो म्हणाला, "एकनाथभाई, घरमां लगन छे के?" मी म्हटलं, लग्न नाही, लढाई आहे. त्याने खूश होऊन ही डायरी फुकट दिली. परवा कागदावर लिहिलेलं तिच्यात उतरवून घेतलं.

नाव ठेवलं नळतोड काढा. सकाळी एक कप, संध्याकाळी एक कप, दोघांनीही. नयना शाळेची मुख्याध्यापिका आहे, तिला शिस्त सांगावी लागत नाही. कप घेऊन ती मागच्या अंगणात गेली आणि दोन मिनिटांत रिकामा कप घेऊन आली. "संपवला," म्हणाली. मला तेवढाच संपवायला पाऊण तास लागला. बायकांची सहनशक्ती जास्त असते, हे काही उगाच म्हणत नाहीत.

११ जानेवारी, शनिवार

तलासरीहून देवेश आला. दादाचा मुलगा, तिथेच तहसील कचेरीत कारकून आहे. येताना झाडावरचे चिकू घेऊन आला. त्याला काढ्याची बाटली दिली आणि सगळं शास्त्र समजावून सांगितलं. पोरगं हुशार, मध्ये एकदाही प्रश्न विचारला नाही. फक्त जेवताना अर्ध्यावर हात थांबवला आणि शर्टाच्या खिशातून गोळी काढून चघळली. छत्तिशीतला पोरगा, खिशात पेनाऐवजी ॲसिडिटीच्या गोळ्यांची पट्टी! आजकालच्या पोरांना तिखट झेपत नाही. आम्ही त्याच्या वयात मिरची नुसती खायचो.

"काका, रोज घेईन," म्हणाला. बाटली पिशवीत ठेवताना हसत होता. काढ्याने पहिल्याच दिवशी चेहऱ्यावर तेज येतं काय? नोंद करून ठेवतो.

१३ जानेवारी, सोमवार

मागच्या अंगणातल्या कढीपत्त्याने मान टाकली आहे. थंडीत असं होतं का, कोणाला तरी विचारायला हवं.

१७ जानेवारी, शुक्रवार

मीटर रीडिंग. वजन दोन किलो कमी. पट्ट्याचं एक भोक आत. दोन घास खाल्ले की पोट भरल्यासारखं वाटतं. म्हणजे काढा लागू पडतोय! चरबीचेसुद्धा नळ तुटत असणार.

आज काढा चक्क गोडसर लागला. जीभ सरावली. सुरुवातीला औषध कडू आणि पुढे गोड, असं आपल्याकडे पूर्वीपासून सांगतात.

एक गोष्ट लिहावी की नाही कळत नाही, पण डायरीशी खोटं कशाला बोला. तीन दिवस शौचाला काळं होतंय, डांबरासारखं. संक्रांतीला काळ्या तिळाचे लाडू खाल्ले होते, तेच कारण. सात खाल्ले. नयनाला पाच सांगितले.

२२ जानेवारी, बुधवार

लाडू संपून आठवडा झाला. रंग तोच. आता शेवग्याच्या पाल्यावर संशय आहे.

गुडघ्याच्या गोळ्या संपल्या म्हणून डॉक्टरीणबाईंकडे गेलो. वर्षभर रोज एक घेतोय, त्याशिवाय जिना चढवत नाही. गोष्टीतून गोष्ट निघाली आणि पाल्याबद्दल बोलून बसलो. बाईंचा चेहराच बदलला. पापणी खाली ओढून बघितली, पोट दाबलं. मग विचारलं, "घरात कोणाला पोटाचा त्रास होता?" मी म्हटलं, तसं खास कोणाला नाही.

खोटं बोललो. का बोललो, देव जाणे. तोंडातून निघून गेलं.

त्यांनी गुडघ्याची गोळी बंद केली, दुसऱ्या गोळ्या दिल्या आणि चिठ्ठी लिहिली. दुर्बिणीने पोट तपासून घ्या, लवकर घ्या. लवकरच्या खाली दोन रेघा. मी चिठ्ठी घडी करून माझ्या पान्यांच्या पिशवीत टाकली, हॅक्सॉ ब्लेडच्या खाली. त्या पिशवीला नयना हात लावत नाही, ग्रीस लागतं म्हणून. दुर्बीण वगैरे ठीक आहे, पण काढ्याला दोन महिने तरी द्यायला नकोत? कुठल्याही योजनेला मुदत द्यावी लागते. आणि गुडघ्याची गोळी मी ठेवली चालू. गुडघा माझा आहे, बाईंचा नाही.

२७ जानेवारी, सोमवार

लाहू आला होता. हा माझ्या हाताखाली पंचवीस वर्षं फिटर होता, सायवनचा, अजून नोकरीत आहे. म्हणाला, "साहेब, तुमची पान्यांची पिशवी द्या दोन दिवस. आमचा पाना कुणीतरी नेलाय." जुन्या माणसाला नाही कसं म्हणणार? दिली. चिठ्ठीची आठवण तो कोपऱ्यावर वळल्यावर झाली. पण लाहू पान्यांच्या पिशवीत वाचायला काही शोधणाऱ्यातला नाही.

त्याआधी मी दारात उभा होतो तेव्हा तो आणि नयना फाटकाशी दहा मिनिटं बोलत होते. शाळेच्या नळाचं असेल.

२९ जानेवारी, बुधवार

पिशवी परत आली. चिठ्ठी आहे. ब्लेडच्या वर आहे. मी वर ठेवली होती की खाली?

घरातले सुके बोंबील गायब झालेत. चिंचणीहून आणलेला खारवलेल्या सुरमईचा डबाही. नयना म्हणते, मांजराने नेला. डब्यासकट! मांजर नगरपरिषदेत नोकरीला होतं की काय?

४ फेब्रुवारी, मंगळवार

आज दादाची आठवण फार आली. लिहून टाकतो, म्हणजे डोक्यातून जाईल.

नऊ वर्षांपूर्वी दादा इथे ओसरीवर बसून म्हणाला होता, "एकनाथ, पोटात जळजळतंय रे. डॉक्टर दुर्बीण टाकू म्हणतोय." आणि मी, आरोग्यशास्त्राचा कोण मोठा जाणता, म्हणालो, "दुर्बीण कशाला? ॲसिडिटी आहे. थंड दूध पी." तो माझ्यापेक्षा मोठा, पण माझं ऐकायचा. सात महिने थंड दूध प्यायला. मग दुर्बीण टाकली तेव्हा डॉक्टरांनी फक्त मान हलवली.

हे मी नयनालाही सांगितलेलं नाही. वहिनी गेल्या, त्यांनाही नाही. देवेशला तर मुळीच नाही. माझ्या डोळ्यासमोर तो पांढरा पेला येतो आणि मला दूध जात नाही. लोकांना मी सांगतो, बाधतं म्हणून.

लिहून डोक्यातून गेलं नाही.

८ फेब्रुवारी, शनिवार

वजन एकूण चार किलो कमी. जिन्यात चक्कर आली, कठडा धरून बसलो. काढ्याचा जोर वाढवायला हवा. हळद-चहा हे सगळे बाजारातले प्रकार झाले. खरी ताकदीची मुळी जंगलात मिळते, आणि लाहूची पुतळीमावशी सायवनला झाडपाल्याचं औषध देते. लांबून लांबून माणसं येतात तिच्याकडे.

आणि योगायोग बघा! हे मनात येतंय तोच लाहू दारात. म्हणाला, "साहेब, उद्या रविवार, चला की घरी. मावशी पण आहे." मी लगेच हो म्हटलं. नयनाला काय सांगावं याचा विचार करत आत गेलो तर ती म्हणाली, "उद्या चार माणसांचा डबा भरते." मी तोंडही उघडलं नव्हतं. इतकी वर्षं संसार केल्यावर बायकोला मनातलं कळतं.

९ फेब्रुवारी, रविवार

आजचं सगळं नीट लिहायला हवं.

लाहूच्या मोटारसायकलवरून सायवनला गेलो. पुतळीमावशी अंगणात बसली होती, पंचाहत्तरीची असेल, दात सगळे शाबूत. शेजारी खाटेवर तिचा म्हातारा. मी मांडी घातली आणि गाठ, रक्त, नळ्या असं सगळं तिला समजावून सांगितलं. तिने पूर्ण ऐकून घेतलं. मग विचारलं, "भाऊ, काळं होतं ना?"

मी लाहूकडे बघितलं. लाहू पिवळ्या गुलाबाच्या झाडाकडे बघत होता.

"थोडं," मी म्हटलं.

"कधीपासून?"

"संक्रांतीपासून."

"मग माझ्याकडं औषध नाही."

"अगं मावशी, लोक एवढ्या लांबून येतात..."

"येतात त्यांना देते. खोकला, हाडाचा मुका मार, बाळंतिणीचं. मला पोटाच्या आतलं दिसत नाही. दिसतं म्हणेल तो खोटा. ह्याला काळं व्हायला लागलं," तिने खाटेकडे बोट केलं, "तेव्हा माझं पाळंमूळ मी नाही दिलं. जीप करून डहाणूला नेला. सरकारी दवाखान्यात."

"मग?"

"मग काय? तो बघा, तुमच्या बाईंच्या चपात्या खातोय."

खरंच खात होता. डबा कधी उघडला मला कळलंही नाही. त्याने मला हात केला.

मी रागावलो. खोटं कशाला बोलू, भयंकर रागावलो. एवढं अंतर येऊन एका जंगलातल्या बाईने मला दवाखाना सांगावा! तेव्हा लाहू पहिल्यांदा बोलला. पंचवीस वर्षांत त्याने मला उलट उत्तर दिलेलं नाही.

"साहेब, मल्याणची हळद आठवते का?"

न आठवून कसं चालेल. तेव्हा मी तरुण होतो, अंगात रग होती. मल्याणला एक पाईप नकाशात नव्हता. नकाशात नाही म्हणजे अनधिकृत. लाहू म्हणत होता, साहेब, खणून बघू कुठे जातोय. मी म्हटलं, वेळ नाही, आण हॅक्सॉ. कापला. तो पाईप माझ्या सासऱ्यांच्या घरचा होता, रीतसर मंजूर, फक्त नकाशात चढवायचा राहिलेला. आणि त्या दिवशी माझ्या मेहुणीची हळद होती. दीडशे पाहुणे, घरात थेंब पाणी नाही, आणि नवरी अंगभर हळद लावून तीन तास तशीच बसलेली. तिच्या लग्नाच्या फोटोत ती अजून पिवळी दिसते.

त्यानंतर मी नियम केला आणि हाताखालच्या प्रत्येक माणसाकडून पाठ करून घेतला. आधी खड्डा, मग हॅक्सॉ.

"तुम्हीच शिकवलं," लाहू म्हणाला. "आणि आता महिनाभर हॅक्सॉ चालवताय. खड्डा कुठाय?"

 पुतळीमावशीने कोरा चहा आणला. मी तो पीत बसलो.  मला भीती वाटते. पोटात काय निघेल याची भीती वाटते. डायरीत तरी लिहितो: मी दादाच्या जागी बसलोय आणि मला दुर्बिणीची भीती वाटते.

घरी आलो. नयना फाटकातच उभी होती. मी म्हटलं, "चिठ्ठी..." ती म्हणाली, "गुरुवारची वेळ घेतली आहे. वापीला. उपाशी पोटी जायचंय." आणि आत जाऊन रडली. मला वाटलं होतं तिला काही माहीत नाही.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

खड्डा मारला.

घशात कडू फवारा मारतात, घसा बधिर होतो. मग डाव्या कुशीवर झोपवून नळी आत सरकवतात. मी डॉक्टरांना सांगणार होतो, वळणावरच्या बेंडला जपून, पण तोंडात पट्टी होती. पडद्यावर माझं पोट दिसत होतं. इतक्या वर्षांत कितीतरी पाईपांत डोकावलो, आपल्या आतल्यात पहिल्यांदाच. गुलाबी, ओलं. आणि मग एका ठिकाणी एक खड्डा. पांढरट बुडाचा, कडेने काळं रक्त धरलेला. मी डोळे मिटून घेतले.

एक-दोन तुकडे तपासणीला काढले. निकाल आठवड्याने. नयनाने रिक्षात माझा हात धरला तो स्टेशनपर्यंत सोडला नाही. चारचौघांत असं ती कधी करत नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार

काही लिहिण्यासारखं नाही.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

नयनाला विचारलं, "मी गेलो तर टाकी कोण धुणार?" म्हणाली, "तुम्ही असताना कोण धुतं?" हसलो. 

२० फेब्रुवारी, गुरुवार

कॅन्सर नाही!

पुन्हा लिहितो. कॅन्सर नाही. बाहेर आल्यावर नयनाने दवाखान्याच्या पायरीवर बसून घेतलं आणि मी तिच्या शेजारी. वॉचमन उठा म्हणाला, आम्ही उठलो नाही.

आता सविस्तर. अल्सर आहे, म्हणजे जठराला पडलेली जखम. त्यातून रक्त झिरपत होतं, म्हणून काळं. जखम केली जठरात राहणाऱ्या एका जंतूने, आणि तिला खतपाणी घातलं गुडघ्याच्या गोळीने. वर अस्तरात थोडे बदल सुरू झालेत. डॉक्टर म्हणाले, आज ते काही नाहीत, पण वर्षानुवर्षं दुर्लक्ष केलं तर अशातूनच पुढे ते उद्भवू शकतं. चौदा दिवसांच्या गोळ्या, जंतू गेला का ते पुन्हा तपासायचं, खारवलेले मासे जवळजवळ बंद, वर्षाने परत दुर्बीण.

मी काढ्याचं विचारलंच. डॉक्टर तरुण आहेत, हसले नाहीत. म्हणाले, "प्रयोगशाळेत, उंदरांत असं दिसलंय, खरं आहे. पण काढा पिऊन माणसाचा कॅन्सर टळतो हे अजून कोणी सिद्ध केलेलं नाही. हळद भाजीत खा, द्राक्षं सालासकट खा. आणि काका, एक गोष्ट. जखम भरायची तर शरीराला तिथे नवीन रक्तवाहिन्या लागतात. तुमच्या पोटात त्या नव्याने फुटत होत्या, दुरुस्तीसाठी. तुमच्या काढ्यात खरोखर तेवढी ताकद असती, तर त्याने आधी त्याच तोडल्या असत्या."

म्हणजे रीतसर मंजूर जोडणी! नकाशात नव्हती एवढंच. आणि मी पुन्हा हळद घेऊन हॅक्सॉ चालवायला निघालो होतो. नयनाला एवढं हसू आलं की तिला पाणी द्यावं लागलं. "मल्याण," एवढंच म्हणत होती, "मल्याण."

हसता हसता तिने कबूल केलं. सोळा जानेवारीपासून माझ्या बाटलीत ती गुळाचं पाणी भरत होती, रंगापुरती चिमूटभर हळद. मूळ काढा आणि तिच्या वाटचे कप कढीपत्त्याला. "आणि मला गोड लागला तेव्हा तू बोलली नाहीस?" "तुम्ही इतके खूश होता," म्हणाली. चिठ्ठी लाहूने तिला दाखवली होती. मी पिशवीत कागद दडपताना तिने पाहिलं होतं, म्हणून पिशवी न्यायलाही तिनेच सांगितलं होतं. पुतळीमावशीकडे ती आदल्या रविवारीच जाऊन आली होती. मी घरात एकटाच सरळ माणूस आहे.

निघताना डॉक्टरांनी विचारलं, "घरात कोणाला पोटाचा कॅन्सर होता?" या वेळी खोटं बोललो नाही. म्हणाले, "मग भावाच्या मुलांनाही तपासून घ्या. हा जंतू घरातल्या घरात पसरतो, आणि त्यांना धोका जास्त."

मी आणि नयनाने एकमेकांकडे बघितलं. देवेशच्या खिशातली गोळ्यांची पट्टी दोघांना एकदमच आठवली.

२२ फेब्रुवारी, शनिवार

देवेशला फोन केला. म्हणाला, "काका, मार्च अखेर तोंडावर आलाय, कचेरीत मरायला वेळ नाही."

२६ फेब्रुवारी, बुधवार

पुन्हा फोन. म्हणाला, "अहो काका, साधी ॲसिडिटी आहे. थंड दूध घेतलं की थांबतं."

मी फोन ठेवून दिला. 

१ मार्च, शनिवार

सकाळच्या एसटीने तलासरीला गेलो. न कळवता. अनधिकृत नळ तोडायला कोणी कळवून जातं का?

देवेश अंगणात गाडी पुसत होता. त्याची बायको मुक्ता मला बघून आत पाणी आणायला गेली आणि आतच राहिली. शहाणी पोरगी आहे. मी म्हटलं, "मंगळवारी वापीला जायचं. मी येतोय बरोबर."

त्याने फडका पिळला. "काका, मला एक सांगा. बाबांना तुम्ही थंड दूध सांगितलं होतंत ना?"

 मी कठड्यावर बसलो. "तुला कोणी सांगितलं?"

"बाबांनीच. शेवटी शेवटी हसत हसत सांगायचे. म्हणायचे, आमचा एकनाथ पाण्याचा माणूस, त्याने दूध सांगितलं हेच नवल."

नऊ वर्षं मी ते लपवून ठेवलं होतं आणि दादा ते विनोद म्हणून सांगत होता! मला रडू आवरेना. साठ वर्षांचा बाप्या, पोराच्या अंगणात, शेजारीपाजारी बघतायत. देवेश फडका हातात घेऊन तसाच उभा.

"मग बाबांना दूध, आणि मला दुर्बीण का?" त्याने विचारलं. चेष्टेत विचारायला गेला, पण आवाज कापला. तेव्हा मला कळलं, की हा कामात नाही, हा घाबरलाय. माझ्यासारखाच.

"म्हणूनच रे," मी म्हटलं. "म्हणूनच."

देवेशने फडका गाडीवर टाकला. मग म्हणाला, "किती वाजता निघायचं?"

४ मार्च, मंगळवार

देवेशला आत नेलं. त्याचं घड्याळ, मोबाईल आणि ती गोळ्यांची पट्टी माझ्या हातात. मुक्ता भिंतीला टेकून बसली होती. मी फेऱ्या मारत होतो. माझ्या वेळी मला इतकी भीती वाटली नव्हती, खरं सांगतो.

वीस मिनिटांनी डॉक्टर बाहेर आले. जंतू याच्याही पोटात आहे. अस्तराला सूज आहे, पण जखम नाही, गाठ नाही. तुकडा पाठवलाय, पण दिसायला सगळं ठीक. वेळेत आलात, म्हणाले.

मग नर्सबाई आली. "पेशंटबरोबर कोण? घसा मोकळा झाला की, अर्ध्या तासाने, काहीतरी गार द्या प्यायला. थंड दूध चालेल."

मी तिच्याकडे बघतच राहिलो. तिला वाटलं मला ऐकू आलं नाही. ती पुन्हा मोठ्याने म्हणाली, "थंड दूध, काका!"

खाली टपरीवर गेलो. पेला घेतला. हातात धरून जिना चढताना गुडघा ठणकत होता आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण एक थेंब सांडू दिला नाही. देवेश घोट घोट करत दूध प्यायला. ओठावर पांढरी रेघ उमटली, अगदी दादासारखी. घसा पुरता सुटला नव्हता, तरी बोलायचं होतं त्याला.

"काका, एक सांगू? रागावू नका. तुमचा काढा मी एकदाही प्यायलो नाही. मुक्ताच्या गुलाबाला घालत होतो."

"मग?"

"मेला."

मुक्ता म्हणाली, दोन वर्षांचा गुलाब होता, पिवळा. आमच्या घराण्यात कोणी कोणाचं ऐकत नाही म्हणूनच सगळे जगले, असं फोनवर नयनाचं म्हणणं पडलं. पेला परत द्यायला टपरीवर गेलो तर तळाशी दोन घोट उरले होते. ते मी तिथेच उभा राहून प्यायलो. रविवारी सायवनला जायचंय, पुतळीमावशीच्या अंगणात पिवळ्या गुलाबाचं झाड पाहिल्याचं आठवतंय, त्याचं कलम मुक्तासाठी मागून आणतो.